पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे अल्प चरित्र

जासई, उरण व पनवेल या बाजूच्या गावांतून राहणाऱ्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी बांधावर किंवा देवळापाशी उभा असलेला कोरीव दगड पाहिला असेल. वर सूर्य व चंद्र, खाली गाढवाची आकृती, आणि मध्ये कोणास न वाचता येणाऱ्या ओळी. कोणी त्यास शेंदूर फासतो, तर कोणी फोडून घराच्या पायात घालतो. अशा मुक्या शिळांस वाचा फुटावी म्हणून ज्या पुरुषाने आपले आयुष्य वेचले, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

भगवानलाल इंद्रजी यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८३९ रोजी काठेवाडात जुनागड येथे झाला. त्या गावाजवळ गिरनार पर्वताच्या पायथ्याशी एक मोठा खडक आहे. त्यावर सुमारे २२०० वर्षांपूर्वी अशोक राजाने आपल्या १४ आज्ञा कोरविल्या. येणारे जाणारे तो खडक रोज पाहत. परंतु तो वाचण्याची इच्छा या मुलास झाली. जेम्स प्रिन्सेप या विद्वानाने १८३७ च्या सुमारास त्या प्राचीन लिपीचा उलगडा केला होता. त्या अक्षरांचे पत्रक भगवानलाल यांच्या हाती आले, आणि ते घेऊन ते खडकापाशी बसू लागले. इंग्रजी शाळेचे शिक्षण त्यांस मिळाले नव्हते. संस्कृताचे ज्ञान, तीक्ष्ण दृष्टी व अढळ धीर एवढेच त्यांचे भांडवल.

त्यांची कीर्ती मुंबईचे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या कानी गेली व १८६२ च्या सुमारास त्यांनी भगवानलाल यांस आपल्याजवळ बोलाविले. पुढे सुमारे १२ वर्षे लेण्यालेण्यांतून फिरून, नेपाळापर्यंत प्रवास करून, त्यांनी शिलालेखांच्या नकला व ठसे आणिले. भाऊंच्या अनेक लेखांस याच श्रमांचा आधार होता. १८७४ त भाऊ वारले, तेव्हा भगवानलाल स्वतःच्या नावाने लिहू लागले. ते गुजरातीत लिहीत व डॉ. ब्यूलर यांच्यासारखे पंडित त्यांचे लेख इंग्रजीत उतरवीत. नाणेघाटातील लेखांवरून त्यांनी जुन्या संख्याचिन्हांचा अभ्यास केला. ओरिसातील हाथीगुंफेचा लेख खारवेल राजाचा आहे, हेही त्यांनीच दाखविले.

त्यांच्या शोधांची एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८६९ त मथुरेस शीतलादेवीच्या चौथऱ्याच्या पायऱ्यांत एक दगड बसविलेला त्यांनी पाहिला. तो प्राचीन स्तंभाचा सिंहशीर्ष निघाला. त्यावर क्षत्रप राजांच्या कुळाचा लेख होता. ज्यावर लोक पाय ठेवीत, त्यात एका राजकुळाचा वृत्तांत लपला होता.

सर्वांत प्रसिद्ध शोध आपल्याच कोकणातला. वसईजवळ सोपारे येथे एक टेकाड होते. त्यास लोक बुरूड राजाचा कोट म्हणत. एप्रिल १८८२ त भगवानलाल यांनी ते उकरविले, तो तो विटांचा बौद्ध स्तूप ठरला. त्याच्या गर्भात एक वाटोळी दगडी पेटी सापडली. तीत बुद्धाच्या ८ धातुमूर्ती आणि मध्ये तांब्याचा करंडा होता. तांब्याच्या करंड्यात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा व त्यात सोन्याचा करंडा निघाला. एवढ्या जपणुकीने त्या सोन्यात ठेविले होते काय? मातीच्या भांड्याचे १३ लहान तुकडे! ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे होत, असे भगवानलाल यांचे अनुमान होते. त्याच वर्षी सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या आज्ञेचा एक तुकडाही त्यांस मिळाला. शलमोन राजाचे ओफीर बंदर म्हणजे हेच सोपारे, असा तर्क काही पंडितांनी केला आहे. परंतु तो सिद्ध झालेला नाही, हे आमच्या उपदेशकांनी ध्यानात ठेवावे.

त्या काळी पनवेल व उरण ठाणे जिल्ह्यात होते, आणि १८८२ त निघालेल्या त्या जिल्ह्याच्या गॅझेटियरास भगवानलाल यांचे मोठे साहाय्य झाले. उरणाजवळ चांजे येथे शके ११८२ म्हणजे इ. स. १२६० चा शिलाहार राजा सोमेश्वर याचा लेख मिळाला आहे. ठाण्याच्या उत्तरेश्वर देवळास दिलेल्या जमिनीचा व १६२ द्रम्म नाण्यांचा त्यात उल्लेख आहे. आरंभी सांगितलेले गाढवाचे दगड अशाच दानपत्रांचे असतात. गाढवाची आकृती म्हणजे दान मोडणाऱ्यास घातलेली शिवी होय.

१८८४ त हॉलंडातील लायडन विद्यापीठाने भगवानलाल यांस डॉक्टर ही पदवी दिली. १६ मार्च १८८८ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. आपली नाणी व सिंहशीर्ष त्यांनी मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमास दिले.

त्यांच्या मृत्यूनंतर आपल्या भागाचे रूप फार पालटले. न्हावा-शेवा बंदर १९८९ त सुरू झाले. त्यासाठी व रस्त्यांसाठी डोंगर फोडले गेले, शेते भरली गेली. जी शिळा ७०० वर्षे पावसात टिकते, ती यंत्राच्या एका फटक्याने नाहीशी होते. आणि एकदा फुटलेला लेख दुसऱ्या भगवानलालासही वाचता येणार नाही. यास्तव आमची वाचकांस विनंती आहे की, अक्षरांचा दगड किंवा जुनी नाणी सापडल्यास ती घासू नयेत, फोडू नयेत, विकू नयेत. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेले १० रुपयांहून अधिक किंमतीचे धन सापडल्यास कलेक्टरास कळविणे भाग आहे. दगडाची वर्दी तलाठ्यास द्यावी व त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. वाचणारा पुढे येईल. तोवर शिळा शाबूत राखणे हे काम गावकऱ्यांचे आहे.