राजाबाई टॉवरखाली

मुंबईला गेलो की राजाबाई टॉवरखाली माझे पाय थांबतात. आईच्या नावाने हा मनोरा उभारायला पैसे देणारे प्रेमचंद रायचंद १८३१ मध्ये सुरतेत जन्मले. मुंबईत दलाली करता करता शेअर बाजाराचे राजेच झाले.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस अडला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसावर आल्या आणि मुंबईत पैशांचा पूर लोटला. रोज नवी बँक, नवी कंपनी! समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला.

सरकार काय करत होतं? बँक ऑफ बॉम्बेत सरकारचे भाग होते, संचालकही होते. तरी १८६३ च्या कायद्याने तिला शेअर तारण घेऊन कर्ज द्यायची मुभा मिळाली. प्रेमचंदांचा शब्द तिथे चाले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांचे हिशेब मिटेनात. मग सरकारने घाईघाईने दिवाळखोरीचा खास कायदा केला. १८६८ मध्ये बँक मोडीत निघाली, त्याच नावाची नवी उभी राहिली, चौकशीही बसली.

प्रेमचंदही बुडाले, पण विद्यापीठाला दिलेले चार लाख सुरक्षित राहिले. १९०६ मध्ये ते वारले. त्यांना निर्दोष म्हणवत नाही मला. पण कुंपण त्यांनी ओलांडलं, तर ते आधी काढलं कोणी?