विश्लेषण : सफरचंदाच्या सालीतून मधुमेहींच्या मूत्रपिंडाला आधार कसा मिळाला?

मधुमेहींच्या मूत्रपिंडाची झीज मंदावण्यासाठी आज ‘ग्लिफ्लोझिन’ गटातील गोळ्या दिल्या जातात. त्यांचे मूळ सफरचंदाच्या झाडाच्या, विशेषतः मुळांच्या सालीत आहे. ते दाखवून देणारे जर्मन वैद्य जोसेफ फॉन मेरिंग (१८४९-१९०८) यांना मात्र त्यात औषध दिसले नव्हते.

या सालीतील कडू द्रव्य, फ्लोरिझिन, १८३५ मध्येच वेगळे काढले गेले होते. सिंकोनासारखे कडू, म्हणून ते हिवतापावर चालेल अशी आशा होती. कोलोनमध्ये जन्मलेल्या आणि तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्गमध्ये काम करणाऱ्या मेरिंग यांनी १८८०च्या दशकात ते कुत्र्यांना दिले. लघवीतून भरपूर साखर जाऊ लागली, पण रक्तातील साखर वाढलेली नव्हती. म्हणजे ही गळती मूत्रपिंडातून होत होती. मधुमेहाचा अभ्यास करण्यासाठी हा कृत्रिम ‘मधुमेह’ अनेक प्रयोगशाळांत वापरला गेला.

१८८९ मध्ये ऑस्कर मिंकोव्हस्की यांच्यासह त्यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले. खरे तर प्रश्न चरबीच्या पचनाचा होता. मेरिंग घरच्या आजारपणामुळे परगावी असताना कुत्रा जागोजागी लघवी करू लागला. मिंकोव्हस्कींनी ती तपासली, तर त्यात साखर! मधुमेहाचा स्वादुपिंडाशी असलेला संबंध असा उघड झाला. पुढे हाले येथे गेलेल्या मेरिंग यांनी १९०३ मध्ये एमिल फिशर यांच्यासह व्हेरोनाल हे झोपेचे औषध आणले. इन्शुलिन मिळण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले.

फ्लोरिझिन नेमके करते काय? मूत्रपिंडात गाळली गेलेली साखर ‘एसजीएलटी-२’ हे प्रथिन पुन्हा रक्तात ओढते. ते अडवले की साखर आणि काही मीठ पुढे जाते. त्यामुळे गाळण्यांवरचा वाढलेला दाबही उतरतो. मूळ द्रव्य मात्र आतड्यातच बरेचसे फुटते आणि जुलाब होतात. त्यामुळे सालीचा काढा घेऊन मूत्रपिंड वाचत नाही. हा दोष टाळण्यासाठी रेणूची रचना बदलावी लागली. त्यातूनच आलेल्या कॅनाग्लिफ्लोझिनची मूत्रपिंडविकार असलेल्या ४,४०१ मधुमेहींवर चाचणी झाली. मूत्रपिंड निकामी होणे किंवा त्यातून वा हृदयविकाराने मृत्यू येणे, असा एकत्रित धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटला. लाभ इतका स्पष्ट होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये, मेरिंग यांच्या मृत्यूनंतर १११ वर्षांनी प्रसिद्ध झाले.