चारचौघांत उभे राहायला शिकवणारा संत



दर वर्षी ३१ जानेवारीला ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. मुलांचा मित्र म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या जीवनाची एक बाजू आपल्या नजरेतून सुटते. वाट चुकण्याच्या बेतात असलेल्या मुलांना त्यांनी चार लोकांसमोर उभे राहायला, हिशेब मांडायला आणि आपल्या कामाचे मोल ठरवून घ्यायला शिकवले. आज आपण या बाजूकडे पाहू या.

जॉन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की या वाडीत, एका गरीब शेतकऱ्याच्या घरी झाला. ते दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील वारले. आई मार्गारेट हिने शेतात राबून मुलांना वाढवले. लहानपणी जॉन यांनी जत्रेतील डोंबाऱ्यांचे खेळ पाहून दोरीवर चालणे व हातचलाखी आत्मसात केली. गावची माणसे खेळ पाहायला जमली की ते आधी प्रार्थना घेत, रविवारचे प्रवचन पुन्हा सांगत आणि मग खेळ करीत. लोकांना थांबवायचे कसे व त्यांच्यापर्यंत पोहोचायचे कसे, याचा धडा त्यांनी अंगणातच गिरवला.

१८२९ साली एका वयोवृद्ध धर्मगुरूंनी, फादर कलोस्सो यांनी, वाटेत त्यांची परीक्षा पाहिली. नुकतेच ऐकलेले प्रवचन या खेडवळ मुलाने घडाघडा म्हणून दाखवले आणि त्यामुळे त्याच्या शिक्षणाचे दार उघडले. चार शब्द नीट बोलता आल्याने एखाद्या गरीब मुलाचे आयुष्य कसे बदलते, हे जॉन यांनी स्वतः अनुभवले होते. पुढे शिकत असताना त्यांनी शिंप्याकडे, लोहाराकडे आणि एका कॉफीच्या दुकानातही काम केले.

सेमिनरीत गेल्यावर मात्र त्यांची भाषा जड झाली. आईच्या माहेरी, काप्रिल्यो गावात, त्यांनी पवित्र मरियेच्या जन्माच्या सणाला सजवलेले प्रवचन दिले. नंतर विचारले तर लोकांना वाटले की प्रवचन शुद्धिस्थानातील आत्म्यांविषयी होते! त्यानंतर अडाण्यालाही कळेल असेच बोलायचे, असे त्यांनी ठरवले. आम्हीही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो आहोत. हा प्रसंग वाचताना आम्हांला आमची काही प्रवचने आठवतात आणि तुमच्या सहनशीलतेबद्दल तुमचे आभार मानावेसे वाटतात.

५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. तेव्हा तुरिन शहर झपाट्याने वाढत होते. कामाच्या शोधात खेड्यांतून आलेली मुले गवंड्याच्या हाताखाली राबत आणि मिळेल तिथे झोपत. फादर काफास्सो यांच्यासोबत डॉन बॉस्को तुरुंगांना भेटी देऊ लागले. तिथे त्यांना बारा ते अठरा वर्षांची धडधाकट मुले दिसली. सुटल्यावर ती पुन्हा तुरुंगात येत, कारण बाहेर त्यांचे कोणी नव्हते. या मुलांना बाहेर एखादा मित्र भेटला असता तर? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

८ डिसेंबर १८४१ रोजी मिस्साबलीच्या तयारीच्या खोलीत एक अनाथ मुलगा थंडीपासून आडोसा शोधत आला. सेवेकऱ्याने त्याला झाडूने मारून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलावले. लिहिता येते का, वाचता येते का, सगळ्याला उत्तर नाही असेच होते. शेवटी त्यांनी शीळ घालता येते का असे विचारले आणि मुलगा हसला, असे सांगतात. मुलाला काय येत नाही तिथे न थांबता, काय येते ते सापडेपर्यंत ते विचारत राहिले.

१८४६ च्या पास्काला वाल्दोक्को येथील एका शेडमध्ये त्यांच्या कार्याला कायमची जागा मिळाली. दिवसभर राबणाऱ्या मुलांसाठी रात्रीची शाळा भरू लागली. मुलांची परीक्षा शहरातील मान्यवरांसमोर होई. काल रस्त्यावर असलेला मुलगा आज मोठ्यांच्या डोळ्याला डोळा देऊन उत्तर देई. १८५० पासून त्या राज्यात दशमान वजने-मापे सक्तीची होणार होती. नवी मापे न कळणाऱ्या गरिबाला बाजारात कोणीही फसवू शकले असते. डॉन बॉस्को यांनी १८४९ साली त्यावर सोपे पुस्तक लिहिले, संवाद रचले आणि मुलांकडून ते रंगमंचावर करून घेतले. हसत-हसत मुले देवघेवीचे बोलणे शिकली, आणि पाहायला आलेले लोकही शिकले.

सगळेच गोड नव्हते. १८४७ साली त्यांनी काही मुलांना रात्री आसरा दिला. सकाळी पाहतात तर मुले पांघरुणे घेऊन पसार! थोड्याच दिवसांनी पावसात भिजलेला आणखी एक अनाथ मुलगा दारी आला. पुन्हा फसण्याची भीती असूनही आई मार्गारेट हिने विटा व फळ्या मांडून त्याला अंथरूण करून दिले आणि झोपण्यापूर्वी श्रम व प्रामाणिकपणा याविषयी चार शब्द सांगितले. सालेशियन घरांत रात्री सांगितल्या जाणाऱ्या दोन शब्दांची प्रथा त्यातूनच सुरू झाली असे मानतात.

मुलगा कामाला लागला म्हणजे आपले काम संपले, असे डॉन बॉस्को यांनी मानले नाही. ते मालकाशी लेखी करार करीत. फेब्रुवारी १८५२ च्या एका करारात मालकाने सुतारकाम शिकवायचे, ठरलेला पगार द्यायचा, रविवारी व सणाला मोकळे सोडायचे आणि चूक झाली तर मारायचे नाही, शब्दांनीच समजवायचे, असे नमूद आहे. कागदावर मालकासोबत मुलाचीही सही असे. १८५० साली त्यांनी मुलांची परस्पर मदत संस्था सुरू केली. आठवड्याला एक नाणे टाकायचे आणि आजारी पडणाऱ्या सोबत्याला त्यातून मदत करायची. १८५३ पासून वाल्दोक्कोतच चांभारकाम व शिवणकामाचे वर्ग निघाले, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम व छपाईचेही.

१८५९ साली त्यांनी सालेशियन संस्थेची स्थापना केली. ३१ जानेवारी १८८८ रोजी त्यांचे निधन झाले आणि १ एप्रिल १९३४ रोजी, पास्काच्या दिवशी, त्यांना संतपद मिळाले. त्यांचे सालेशियन धर्मगुरू १९२८ साली मुंबईत आले. माटुंग्याची त्यांची शाळा व मंदिर आपणांपैकी अनेकांना परिचित आहे.

विवेक, धर्म आणि प्रेमळपणा हे त्यांच्या शिक्षणपद्धतीचे तीन आधार. त्यात विवेक आहे म्हणूनच मुलाला बोलू देणे आहे. ज्याचे आपण ऐकून घेतो त्याला विचार करता येतो, हे आपण मान्य केलेले असते.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही मागच्या बाकावर किंवा दाराबाहेर उभी राहणारी मुले आहेत. मुलाखतीला गेल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, कारण घरी, शाळेत आणि देवळातही आपण त्यांना गप्पच बसवले आहे. त्यांना पहिले वाचन वाचू द्या, युवकांच्या सभेत हिशेब मांडू द्या, सणाच्या दिवशी स्टॉल लावून चार वस्तू विकू द्या. ती अडखळतील. कदाचित एखादा आपले पांघरूणही घेऊन जाईल. तरी दार बंद करू नका. पुढच्या पावसात कोण येणार आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

प्रभू येशू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू