जोसेफ स्मिथ : लोप पावलेल्या चर्चच्या शोधात

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात कार्थेज येथील तुरुंगावर २७ जून १८४४ रोजी सशस्त्र जमावाने हल्ला केला. त्यात जोसेफ स्मिथ आणि त्यांचे थोरले बंधू हायरम मारले गेले. जोसेफ तेव्हा ३८ वर्षांचे होते आणि त्यांनी स्थापन केलेले चर्च अवघे १४ वर्षांचे होते. संस्थापकामागे ते टिकेल का, हा प्रश्न अनुयायांपुढे उभा राहिला.

जोसेफ यांचा जन्म २३ डिसेंबर १८०५ रोजी व्हरमाँट राज्यातील शॅरन येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील पालमायरा परिसरात स्थायिक झाले. तेथे विविध ख्रिस्ती पंथांमध्ये अनुयायी मिळवण्याची चुरस होती. कोणता पंथ स्वीकारावा या विवंचनेत असताना, १८२० मध्ये रानात प्रार्थना करताना आपल्याला देवपिता व येशू ख्रिस्त यांचे दर्शन घडले आणि कोणत्याही पंथात सामील न होण्याची आज्ञा झाली, असे त्यांनी पुढे सांगितले.

येशूच्या प्रेषितांनंतर मूळ चर्चचा ईश्वरदत्त अधिकार लोप पावला. त्यामुळे प्रचलित चर्चची सुधारणा पुरेशी नसून मूळ चर्चची पुनःस्थापनाच हवी, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्रांवरील मजकुराचे भाषांतर म्हणून त्यांनी मार्च १८३० मध्ये ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातील फेएट येथे चर्चची रीतसर स्थापना झाली.

वेतनभोगी धर्मगुरूंऐवजी सामान्य पुरुष सदस्यांना पौरोहित्याचे अधिकार देण्यात आले. अध्यक्ष व त्यांचे सल्लागार यांचे सर्वोच्च मंडळ स्थापन झाले आणि १८३५ मध्ये बारा प्रेषितांचे मंडळ नेमण्यात आले. ईश्वरी संदेश आजही मिळतो, अशी या चर्चची श्रद्धा आहे.

ओहायो राज्यातील कर्टलंड येथे त्यांनी स्थापन केलेली पतसंस्था १८३७ मध्ये बुडाली आणि अनेक सहकारी दुरावले. मिसुरीच्या राज्यपालांनी १८३८ मध्ये मॉर्मन लोकांना राज्याबाहेर घालवण्याचा किंवा त्यांचा नायनाट करण्याचा आदेश काढला. त्यानंतर इलिनॉयमध्ये नॉवू हे शहर वसवण्यात आले. तेथे जोसेफ महापौरही झाले. मात्र एकाच व्यक्तीच्या हाती एकवटलेली सत्ता आणि गुप्तपणे चालणारे बहुपत्नीत्व यांमुळे चर्चमध्येच असंतोष वाढला. जून १८४४ मध्ये असंतुष्टांच्या वृत्तपत्राने हे प्रकार उघड केले. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील नगर परिषदेने त्याचा छापखाना नष्ट करवला. या प्रकरणातूनच त्यांना कार्थेजच्या तुरुंगात जावे लागले.

उत्तराधिकाऱ्याविषयी स्पष्ट व्यवस्था नसल्याने चर्चमध्ये फूट पडली. बहुसंख्य सदस्यांनी बारा प्रेषितांच्या मंडळाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांचे नेतृत्व मानले आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेक खोऱ्यात वसाहत सुरू केली. जोसेफ यांच्या पुत्राने १८६० मध्ये दुसऱ्या गटाचे नेतृत्व स्वीकारले. १८५० च्या दशकात सॉल्ट लेकच्या चर्चचे प्रचारक कोलकाता, मुंबई आणि पुण्यातही आले होते. मात्र ते कार्य तेव्हा फार काळ टिकले नाही. याच चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्वाची प्रथा अधिकृतपणे थांबवली. आपल्या संस्थापकाने अनेक विवाह केल्याची सविस्तर कबुली मात्र चर्चने २०१४ मध्ये दिली.

ज्या बारा जणांच्या मंडळाची जोसेफ यांनी उभारणी केली, त्याच मंडळाने त्यांच्यामागे चर्च सावरले. आजही सॉल्ट लेक सिटीतील या चर्चचा कारभार अध्यक्ष, त्यांचे सल्लागार आणि बारा प्रेषित यांच्याच हाती आहे.