चाळिशीत धरलेला सूर्यनमस्कार सत्तरीतही सुटला नाही : औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींची गोष्ट

औंध (ता. खटाव) : यमाईच्या दर्शनाला आपण औंधला जातो. डोंगराच्या वाटेवरचं श्री भवानी संग्रहालय बघतो, पोरांना राजा रविवर्म्याची चित्रं दाखवतो आणि माघारी येतो. पण हे संग्रहालय उभं करणाऱ्या राजानं आणखी एक गोष्ट मागं ठेवली आहे. तिला पैसा लागत नाही, जागाही एका सतरंजीएवढीच पुरते. ती गोष्ट म्हणजे रोजचा सूर्यनमस्कार. गुडघे, कंबर धरलेल्या आपल्या गावोगावच्या वडीलधाऱ्यांनी या राजाची गोष्ट जरूर वाचावी.

भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्यात डेक्कन कॉलेजात शिकून ते बी.ए. झाले. चित्रं काढायची, कीर्तन करायचं आणि अंग कमवायचं, अशा तिन्ही गोष्टींचा त्यांना नाद होता. त्या काळी युजेन सँडो या पहिलवानाचं नाव जगभर गाजत होतं. बाळासाहेबांनी त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं मागवली आणि सुमारे दहा वर्षं तो व्यायाम नेमानं केला.

मिरजेच्या मित्राचा सल्ला

मिरजेचे राजे गंगाधरराव पटवर्धन हे बाळासाहेबांचे स्नेही. ते स्वतः नमस्कार घालायचे. त्यांच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास बाळासाहेबांनी साधनं बाजूला ठेवली आणि नमस्कार धरला. तेव्हा त्यांचं वय चाळीस होतं. ज्या वयात आपल्याकडं माणूस आता काय राहिलंय म्हणतो, त्या वयात त्यांनी नवी सुरुवात केली.

पुढच्याच वर्षी, १९०९ ला, ते औंधच्या गादीवर आले. संस्थान लहान, ७२ गावांचं. त्यातही मुलूख तुटक. औंध इकडं, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णाकाठाला. आज यातली आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात आहेत. कुंडलशेजारी किर्लोस्करवाडी उभी राहिली ती याच संस्थानच्या जमिनीवर, १९१० साली.

नमस्कार काही बाळासाहेबांनी शोधला नाही. तालमीत आणि देवघरात तो आधीपासून होताच. त्यांनी त्याची दहा स्थितींची ठराविक पद्धत बसवली, प्रत्येक स्थितीला श्वास जोडला आणि संस्थानातल्या शाळांत तो सक्तीचा केला. मुलींनी आणि बायकांनीही नमस्कार घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यावर त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं लिहिली.

विलायतेत पोचलेला औंधचा व्यायाम

१९३६ साली ते विलायतेला गेले, तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट होतं. लंडनमध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली. या वयाचा माणूस इतका ताठ आणि चपळ कसा, याचं तिकडच्या लोकांना नवल वाटलं. त्यातूनच १९३८ साली लंडनला नमस्कारावरचं इंग्रजी पुस्तक निघालं. बाळासाहेब तेव्हा सत्तरीला टेकले होते.

त्याच सुमाराला त्यांनी आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम केलं. जानेवारी १९३९ मध्ये, महात्मा गांधींचा सल्ला घेऊन, राज्यकारभार लोकांच्या हाती देणारी घटना लागू केली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथं कैद्यांची उघडी वसाहतही त्याच वर्षी सुरू झाली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या सिनेमाला तिचाच आधार आहे. १९४८ साली संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब गेले, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी.

ज्या सँडोचा व्यायाम त्यांनी आधी केला, तो त्यांच्यापेक्षा दीड वर्षानं मोठा. तो १९२५ लाच, अठ्ठावन्नाव्या वर्षी वारला. म्हणून नमस्कारानं आयुष्य वाढतंच असं कुणी धरू नये. बाळासाहेब नमस्काराला बहुतेक दुखण्यांवरचा उपाय मानत. ते आज जसंच्या तसं घेता येणार नाही, औषधाच्या गोळ्या चालूच ठेवाव्यात. घ्यायचं ते एवढंच, की चाळिशीत धरलेला नेम त्यांनी सत्तरीतही सोडला नाही.

शेतातलं काम पुरत नाही का?

आपल्याकडं सगळे म्हणतात, दिवसभर राबतो, वेगळा व्यायाम कशाला? पण भांगलण असो, ऊसतोड असो की धार काढणं, सगळी कामं पुढं वाकूनच. पाठ मागं वळत नाही, हात डोक्यावर पूर्ण जात नाहीत, छाती उघडत नाही. नमस्कारात या तिन्ही गोष्टी होतात. शिवाय माणूस जमिनीवर जातो आणि परत उभा राहतो. म्हातारपणी आधी जातं ते हेच, भुईवरून आपलं आपण उठणं. ते गेलं की माणूस परस्वाधीन होतो.

वय झालेल्यांनी तरण्या पोरांसारखा नमस्कार घालायची गरज नाही. सुरुवातीला भिंतीला किंवा ओट्याला हात टेकून उभ्यानंच पुढं-मागं वाकावं. ते जमलं की जड, न हलणाऱ्या खाटेच्या कडेवर हात ठेवून एकेक पाय मागं न्यावा. साष्टांग शेवटी, तेही गुडघ्याखाली घडी घातलेलं घोंगडं ठेवून आणि घरातलं कुणी जवळ असताना. दोन नमस्कारांनी सुरुवात करावी, आठवड्याला एखादा वाढवावा. दम लागून बोलता येईना झालं की थांबावं. बीपी वाढलेला असेल, काचबिंदू असेल, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असेल, तर डोकं खाली घालू नये आणि आधी डॉक्टरांना विचारावं. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर तिथंच बसावं आणि दवाखाना गाठावा.

२१ जूनला शाळेच्या मैदानावर फोटोपुरते नमस्कार होतात. औंधच्या राजानं ते रोज घातले. घरातल्या आजोबा-आजींना उद्या सकाळी, चहाच्या आधी, ओट्याला धरून दोन घालायला सांगा. शेजारी तुम्हीही उभे राहा.