इंदूरच्या खड्ड्यातले खत

घरच्या बादलीत भाजीची देठे, फळांच्या साली टाकून खत करायला घेणारे बरेच जण तिसऱ्या आठवड्यात हात टेकतात. वास सुटतो, तळाशी काळे पाणी साचते, चिलटे घोंघावू लागतात. दोष बहुधा कचऱ्याचा नसतो. पाणी जास्त झालेले असते आणि आत हवाच उरलेली नसते. पाणी आणि हवा यांचा हा मेळ शंभर वर्षांपूर्वी इंदूरमध्ये नीट बसवला गेला, आणि त्यामागे होते अल्बर्ट हॉवर्ड.

हॉवर्ड यांचा जन्म 1873 चा, इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात, शेतकऱ्याच्या घरात. केंब्रिजमध्ये शिकून ते बार्बाडोसला गेले आणि उसावर पडणाऱ्या बुरशीचा अभ्यास करू लागले. पण रोगावर सल्ला द्यायचा आणि पीक घ्यायला स्वतःची जमीन मात्र नाही, हे त्यांना खटकत राहिले. 1905 मध्ये सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून ते बिहारमधल्या पुसा येथे आले. पत्नी गॅब्रिएल याही तोलामोलाच्या शास्त्रज्ञ. प्रकाशसंश्लेषणावर तापमानाचा काय परिणाम होतो, यावर केंब्रिजमध्ये त्यांनी काम केले होते. दोघांनी मिळून गव्हाचे सुधारित वाण काढले. आसपासचे शेतकरी रासायनिक औषधांशिवाय निरोगी पिके कशी घेतात, हे पाहून हॉवर्ड यांनी त्यांनाच गुरू मानले.

उन्हाळ्यात हे दांपत्य क्वेट्ट्याला असे. तिथे पाण्याची टंचाई, तरी गव्हाला पुन्हा पुन्हा पाणी देण्याची रीत. पेरणीपूर्वी एकदाच भरपूर भिजवून नंतर वरचा थर भुसभुशीत ठेवला, तर गहू चांगला येतो, असे त्यांना आढळले. जादा पाण्याने मातीचा वरचा थर घट्ट बसतो आणि मुळांना हवा मिळत नाही. कुंडीला सकाळ-संध्याकाळ पाणी घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

1924 मध्ये इंदूरला कापूस संशोधनासाठी संस्था निघाली आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. माळव्याची काळी माती पावसाळ्यात चिकटून बसते, उन्हाळ्यात भेगाळते. तिला सेंद्रिय खत हवे. पण शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जात होत्या. तेव्हा थोड्या शेणात पुष्कळ खत कसे होईल, हा खरा प्रश्न होता. संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ यशवंत वाड यांच्यासह हॉवर्ड यांनी त्याचे उत्तर शोधले. पऱ्हाट्या आणि तुरीची खोडे रस्त्यावर पसरून बैलगाड्यांखाली चेचायची. मग पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे. खड्डा साधारण 30 फूट लांब, 14 फूट रुंद, पण खोली अवघी 2 फूट, कारण त्याखाली हवा पोहोचत नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते म्हणून जमिनीवरच ढीग रचायचे. ढीग आतून चांगलाच तापतो. आधी बुरशी, मग जिवाणू काम करतात. तीनदा खालीवर केले की सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

बादलीचे तंत्रही याहून वेगळे नाही. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुका पाला, शेणाऐवजी मूठभर जुने खत, आठवड्यातून एकदा उलथापालथ. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. मुठीत दाबून पाणी ठिबकले तर अजून सुका पाला घालावा. तयार खत मातीत मिसळले की माती ओल धरून ठेवते आणि पाण्याच्या खेपा कमी होतात.

पुढे हॉवर्ड यांचा दावा मात्र फार लांब गेला. सकस मातीतला चारा खाणारी आपली गुरे लाळ-खुरकत झालेल्या गुरांच्या शेजारी राहूनही आजारी पडली नाहीत, असे ते सांगत. पण तुलनेसाठी दुसरा कळप ठेवलेला नव्हता, त्यामुळे याला पुरावा म्हणता येत नाही. रासायनिक खतांवरही त्यांनी सरसकट राग धरला. खताच्या ढिगाबाबतचे त्यांचे निरीक्षण मात्र आजही टिकून आहे.

1931 मध्ये त्यांनी इंदूर सोडले, 1934 मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला आणि 1947 मध्ये ते वारले. खताच्या पद्धतीला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही, इंदूरचे दिले. 1931 मध्ये आलेल्या तिच्यावरच्या पुस्तकाचे लेखक म्हणून हॉवर्ड यांच्याबरोबर वाड यांचेही नाव आहे. गॅब्रिएल यांचे नाही. पुस्तक येण्याच्या आदल्याच वर्षी त्या गेल्या होत्या.