वालचंद हिराचंद

शेठ वालचंद हिराचंद दोशी (जन्म : सोलापूर, २३ नोव्हेंबर १८८२, मृत्यू : सिद्धपूर, गुजरात, ८ एप्रिल १९५३) हे भारतीय उद्योजक होते. जहाजवाहतूक, विमाननिर्मिती, साखर आणि मोटारगाड्या या क्षेत्रांत त्यांनी पायाभूत कार्य केले. प्रस्तुत लेखात त्यांच्या मोटारउद्योगाचा विशेष परामर्श घेतला आहे.

पूर्वायुष्य
मूळचे गुजरातमधील हे दिगंबर जैन कुटुंब सोलापुरात स्थायिक झाले होते. कापसाचा व्यापार व सावकारी या वडिलोपार्जित व्यवसायांत वालचंदांचे मन रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची बांधकाम कंत्राटे घेतली. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज त्याच वर्षी ५ एप्रिलला मुंबईहून लंडनला निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

मोटारींचा कारखाना
भारतात मोटारी बनवाव्यात, ही योजना १९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली. वालचंदांनी ती हाती घेतली. तत्पूर्वी परदेशी कंपन्यांच्या भारतातील कारखान्यांत बाहेरून आलेले भाग केवळ जोडले जात. अशा जोडणीत दात पाडलेले चक्र किंवा गिअरबॉक्सचे कवच येथील कारागिराला घडवावे लागत नाही आणि सुटा भाग झिजला की आगबोटीची वाट पाहावी लागते. वालचंदांचा भर निर्मितीवर होता, हे त्यांचे वेगळेपण.

१९३९ मध्ये ते अमेरिकेस गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली. क्रायस्लरशी १९४० मध्ये करार झाला. याच प्रवासातील विल्यम पॉली यांच्या भेटीतून बंगळूरचा विमान कारखाना उभा राहिला. मोटारीच्या योजनेला मात्र ब्रिटिश सरकारने साहाय्य नाकारले. युद्धकाळात वाहनांची निकड असतानाही हा नकार यावा, यातून परकीय सत्तेचे धोरण पुरेसे स्पष्ट होते. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. १९५१ मध्ये इटलीच्या फियाटशी सहकार्याचा करार झाला.

अखेरची वर्षे
१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघात झाला. पुढील वर्षी ते कामकाजातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. ज्या गाडीमुळे कुर्ल्याचे नाव घरोघरी पोचले, ती फियाट ११०० त्यांच्या निधनानंतर आली.

फियाटचा गिअर
फियाट ११०० मध्ये पुढे जाण्याचे चार गिअर असून त्यांची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर असे. हाताची हालचाल जोडदांड्यांमार्फत गिअरबॉक्सपर्यंत पोचे. मार्ग लांब, सांधे अनेक. त्यामुळे जुन्या गाडीतील पुष्कळशा तक्रारींचे मूळ गिअरबॉक्सच्या बाहेरच सापडते. दांडी सैल हलते, हवा तो गिअर सापडत नाही किंवा दोन गिअरांच्या मध्ये दांडी अडकते, तेव्हा प्रथम जोडदांड्यांचे बुश व त्यांची जुळणी तपासावी. उभ्या गाडीत पहिला वा मागचा गिअर टाकताना खरखर होत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही असा संशय घ्यावा आणि पेडलची मोकळी चाल पाहावी. धावत्या गाडीत एकाच वरच्या गिअरला खरखर होणे हे त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजल्याचे लक्षण असू शकते. गिअर पडतो, पण चालताना सटकतो, तेव्हा जोडणीत दोष न आढळल्यास गिअरबॉक्स उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

पहिल्या गिअरला सिंक्रोची सोय नव्हती. चालत्या गाडीत तो टाकताना होणारा आवाज हा बिघाड नव्हे. गाडी थांबवावी किंवा डबल क्लच मारावा. हा भेद न जाणता सुस्थितीतील गिअरबॉक्स खोलण्याचा खर्च करणे व्यर्थ होय.

चाळीसगाव-धुळ्यासारख्या गावांतील मिस्त्रींनाही ही यंत्रणा परकी राहिली नाही, कारण सुटे भाग देशातच मिळू लागले. १९७० च्या दशकात याच गाडीला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली.